खेळातल्या जगाचं पंचांग मांडताना

२५ धूळवाफ, पेठवार. म्हणजे आमच्या खेळातल्या जगातली तारीख आणि वार. आमच्या खेळातली चार पात्रं तांबी नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडता येते ती जागा, ओलांडून पलीकडे गेली. पाणी गुडघाभर होतं. माळावरच्या एका पडक्या गढीतून कागदपत्रं आणायची होती, जाऊन-येऊन बारा दिवसांचं काम. वाटेत एका वाडीत पोर तापाने फणफणलेलं दिसलं, म्हणून ते पाच दिवस तिथेच थांबले. परत काठावर आले तो दिवस होता १२ आगोट, मोकळवार. आगोट हा आमच्या जगात पावसाचा पहिला महिना. पश्चिमेच्या डोंगरात पाऊस लागून आठवडा झाला होता. उतार पाण्याखाली गेलेला, आणि मोकळवारी नावाडी नाव सोडत नाही.

कऱ्हाडहून खेळणारी आमची मैत्रीण म्हणाली, "अरे, निघतानाच तू म्हणाला होतास की आगोट जवळ आलीय. माझ्या वहीत लिहिलंय ते."

त्या रात्रीचं अख्खं सेशन त्या काठावर झालं. मी त्यासाठी कुठला राक्षस काढला नव्हता, नकाशा आखला नव्हता. तारीख मोजली जात होती, एवढंच. म्हणून ऑनलाइन टेबलटॉप खेळ (सूत्रधार गोष्ट सांगतो आणि खेळाडू पात्रं होऊन निर्णय घेतात तो खेळ) चालवायला नव्याने बसलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की जगाचा नकाशा काढायच्या आधी त्या जगाचं पंचांग मांडा. दिवसाला किंमत आली की खेळाडूंच्या प्रत्येक निर्णयाला किंमत येते. वाडीत पाच दिवस थांबायचं की नाही, हा प्रश्न खरा तेव्हाच होतो.

मी सांगलीचा. आमचा खेळ दर गुरुवारी रात्री डिस्कॉर्ड या गटाने बोलायच्या ॲपवर चालतो. खेळाडू कऱ्हाड, विटा आणि वाईचे, एक जण नोकरीसाठी पुण्यात असतो. खाली जी पद्धत सांगतोय ती आम्ही याच खेळात वापरतो. आकडे सगळे मांडून दाखवतो, म्हणजे तुम्हाला ते तसेच उचलता येतील किंवा बदलता येतील.

आधी आपल्या भिंतीकडे बघा

नवखा सूत्रधार बहुतेक वेळा महिन्यांच्या नावांपासून सुरुवात करतो. बारा भारदस्त नावं शोधण्यात दोन संध्याकाळी जातात आणि तिसऱ्या सेशनला ती कुणालाच आठवत नाहीत. नावं थोडी थांबू शकतात. आधी हे बघा, की आपल्याकडची माणसं काळ कशाने मोजतात.

साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात एका वेळी चार पंचांगं चालू असतात. पेरणी सूर्याच्या नक्षत्रावर होते. मृग ७ किंवा ८ जूनला निघतो आणि पुढे तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं. जत्रा तिथीवर होतात. वाईजवळच्या बावधनचं बगाड रंगपंचमीला, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, तासगावच्या गणपतीचा रथ गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. बाजार वारावर भरतो. आणि पगार, शाळा, कारखान्याचं बिल हे सगळं इंग्रजी तारखेवर. कुणी बसून कधी हे चार हिशेब जुळवत नाही, तरी कुणाचं काही अडत नाही, कारण खाली दिवस एकच असतो. आजचा दिवस. त्याच दिवसाला चार नावं पडलेली असतात.

खेळासाठी नेमकं हेच करायचं. खाली दिवसांची एकच अखंड मोजणी, आणि तिच्यावर वार, महिना, चंद्र, पाऊस असे एकेक थर.

पायरी पहिली: अहर्गण

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात अहर्गण नावाची गोष्ट आहे. एका ठरावीक आरंभदिवसापासून आजपर्यंत किती दिवस गेले, तो आकडा म्हणजे अहर्गण. ग्रहगणित करणारे आधी हा आकडा काढायचे आणि मग त्यावरून बाकीचं सगळं. खगोलशास्त्रज्ञांचा जूलियन दिवसांक याच जातीचा, आणि संगणकाच्या पोटातलं घड्याळही असंच एका क्षणापासून मोजत आलेलं असतं. म्हणजे ही युक्ती शतकानुशतकं तावून सुलाखून निघालेली आहे.

तुमच्या वहीत किंवा शीटमध्ये एक रकाना करा: अहर्गण. खेळातला एक दिवस गेला की आकडा एकने वाढवायचा. बास. वार कोणता, महिना कोणता, चंद्र किती, हे सगळं या आकड्याला भागून मिळणाऱ्या भागाकारावरून आणि बाकीवरून निघतं. गूगल शीटमध्ये बाकीसाठी मॉड आणि भागाकारासाठी क्वोशंट ही सूत्रं तयार आहेत. चौथीचं गणित आहे, पण याच्यामुळे पुढच्या सगळ्या चुका टळतात. वार वेगळा, तारीख वेगळी आणि चंद्र वेगळा हाताने बदलत बसलात, तर दहाव्या सेशनपर्यंत तिघांची फारकत झालेली असेल.

आरंभ शून्यावर धरा, पण तुमची गोष्ट शून्यावर सुरू करू नका. जगाला मागे इतिहास हवा. आमची गोष्ट वर्ष २१२ मध्ये सुरू झाली.

पायरी दुसरी: वर्ष, महिना, आठवडा

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण पुढची सोय-गैरसोय इथेच ठरते.

पहिला मोह असतो तो ३६५ आणि लीप वर्षाचा. सोडून द्या. आपल्या पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला ३६५.२४२२ दिवस लागतात, ही पृथ्वीची अडचण आहे. तुमच्या जगाने ती उसनी घ्यायचं कारण नाही. छापील खेळांनीही घेतलेली नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या ग्रेहॉक नावाच्या जगात २८ दिवसांचे बारा महिने आणि मध्ये सात-सात दिवसांचे चार सण, असे ३६४ दिवस आहेत. त्या जगाला दोन चंद्र आहेत, एक २८ दिवसांचा आणि एक ९१ दिवसांचा. ३६४ ला दोन्हींनी नि:शेष भाग जातो, त्यामुळे तिथे दरवर्षी त्याच तारखेला तोच चंद्र. त्याच खेळाच्या फर्गॉटन रेल्म्स नावाच्या जगात तीस दिवसांचे बारा महिने, दहा दिवसांचा आठवडा, महिन्यांच्या मध्ये पाच सणाचे दिवस, आणि दर चार वर्षांनी एक जास्तीचा. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी नेटक्या आहेत. पण दुसऱ्या मांडणीत ते सुटे दिवस आठवड्यात धरायचे की नाही, हा घोळ नवख्याच्या माथी येतो.

मी निवडलेलं माप असं: आठवडा ६ दिवसांचा. महिना ३० दिवसांचा, म्हणजे बरोबर ५ आठवडे. बारा महिने म्हणजे ३६० दिवस. वर्षाच्या शेवटी ६ दिवसांची गावजत्रा, ती कुठल्याच महिन्यात नाही, पण आठवड्याच्या मोजणीत आहे. एकूण ३६६ दिवस, ६१ आठवडे. ३६६ ला ६ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक महिन्याची १ तारीख नेहमी पहिल्या वारी येते. खेळाडूंना वार पाठ करावा लागत नाही. "१३ तारीख" म्हटलं की पेठवार हे दोन-तीन सेशनमध्ये तोंडात बसतं.

आता हिशेब. वर्ष २१२ चा पहिला दिवस म्हणजे मागे २११ वर्षं झाली. २११ गुणिले ३६६ म्हणजे ७७,२२६. हा त्या दिवसाचा अहर्गण. आमची टोळी नदी ओलांडून गेली तेव्हा अहर्गण होता ७७,३१०. त्याला ३६६ ने भागा: भागाकार २११, बाकी ८४. भागाकारात एक मिळवा, वर्ष २१२. बाकी ८४ ला ३० ने भागा: भागाकार २, बाकी २४. दोन्हींत एकेक मिळवा, म्हणजे तिसरा महिना, २५ तारीख. सतरा दिवसांनी अहर्गण ७७,३२७. ३६६ ने भागून बाकी १०१, तिला ३० ने भागून ३ आणि ११. चौथा महिना, १२ तारीख. एकदा हाताने करून बघाच, मग शीटवर सोपवा. पहिली बाकी ३६० किंवा त्याहून जास्त आली, तर गावजत्रेचे दिवस चालू आहेत असं समजायचं.

पायरी तिसरी: नावं

आता नावं ठेवायची वेळ आली. माझा नियम एकच. नाव ऐकून त्या दिवसांत माणसं काय करत असतील ते कळलं पाहिजे. आमचे बारा महिने असे: पालवी, वणवा, धूळवाफ, आगोट, चिखलणी, भांगलण, कणसं, सुगी, मळणी, हुरडा, गुऱ्हाळ, पानगळ. कुणालाही यादी पाठ करायला लावलेली नाही. धूळवाफेनंतर आगोट येते हे विट्याच्या खेळाडूला त्याच्या आजोबांकडूनच ठाऊक होतं.

वारांना बाजारावरून नावं दिली. पेठवार, मीठवार, गुरंवार, कापडवार, घाटवार, आणि सहावा मोकळवार, ज्या दिवशी कुठेच बाजार नाही. साताऱ्यात मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, शनिवार पेठ अशी वारांची नावं जागांना आहेत. मी ते उलटं केलं, जागेचं आणि मालाचं नाव वाराला दिलं. याचा फायदा रोजच्या खेळात दिसतो. एखाद्याला घोडा विकायचा आहे आणि आज कापडवार आहे, तर गुरंवार यायला अजून पाच दिवस. थांबायचं, की पडेल त्या भावाला विकायचा?

परक्या भाषेच्या धाटणीची नावं हवी असतील तर जरूर ठेवा, पण मग बारा ठेवू नका. चार ऋतूंची चार नावं ठेवा आणि "तिसऱ्या ऋतूचा विसावा दिवस" असं म्हणा. चार नावं लोक लक्षात ठेवतात.

पायरी चौथी: चंद्र

रात्री पहारा, चोरी, समुद्राची भरती, लांडगामानव या सगळ्यांसाठी चंद्र लागतो. आपला खरा चंद्र अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस घेतो. खेळात पूर्णांक घ्या. ३० दिवसांचा महिना आणि ३० दिवसांचा चंद्र घेतलात तर पौर्णिमा वर्षभर त्याच तारखेला येईल. सोपं आहे, पण त्यात कुणाला काही हुडकायला उरत नाही. मी २८ घेतला. अहर्गणाला २८ ने भागायचं, बाकी ० म्हणजे अमावास्या, १४ म्हणजे पौर्णिमा.

७७,२२६ ला २८ ने भागून बाकी २ उरते. म्हणजे आमच्या २१२ च्या पहिल्या संध्याकाळी पश्चिमेला कोवळी चंद्रकोर होती. पहिली पौर्णिमा १३ पालवीला, पुढची ११ वणव्याला, मग ९ धूळवाफेला. दर महिन्याला दोन दिवस अलीकडे. नदीकाठच्या त्या रात्री बाकी होती १९. पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले, म्हणजे चंद्र रात्री उशिरा उगवणारा, त्यात आभाळ भरलेलं. अंधारात नदी पोहून जायचा विचार त्यांनी तिथेच सोडला.

इथे एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती. वाईचा आमचा खेळाडू गणिताचा मास्तर आहे, त्याने ती दाखवून दिली. २८ आणि ६ दोन्ही सम संख्या आहेत, वर्षही सम. त्यामुळे आमच्या जगात पौर्णिमा फक्त पेठवार, गुरंवार किंवा घाटवारी येते. मीठवार, कापडवार आणि मोकळवारी ती कधीच येऊ शकत नाही. हजार वर्षं मोजलीत तरी नाही. मी ते बदललं नाही. दुसऱ्याच आठवड्यात तांबखोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक म्हण आली, "मोकळवारी पुनव दिसली की राजा जाईल". आणि आता आमच्या गोष्टीत असं कुणीतरी आहे, जे चंद्राची गती बदलू पाहतंय. म्हणून आकडे निवडताना एकदा सामाईक विभाजक तपासा. सगळे वार सगळ्या पौर्णिमांना मिळायला हवे असतील तर २९ दिवसांचा चंद्र घ्या, २९ आणि ६ ला एकाखेरीज सामाईक विभाजक नाही.

दुसरा चंद्र पहिल्या वर्षी आणू नका. पुढे आणावासा वाटला तर ४५ दिवसांचा घ्या. २८ आणि ४५ चा लसावि १,२६०, म्हणजे दोन्ही चंद्र एकदा एकाच रात्री पूर्ण झाले की पुन्हा तसा योग साडेतीन वर्षांच्या आत-बाहेर येईल. एका मोहिमेत एकदा, फार तर दोनदा. योगाला योगासारखं वजन राहतं.

काहींना आपल्यासारखे चांद्रमहिने हवे असतात. मग अधिक महिना अटळ आहे, आणि तो का येतो ते समजून घ्या. बारा चांद्रमहिन्यांचे ३५४ दिवस होतात, सौरवर्षापेक्षा साधारण अकरा कमी. ही तूट साठत जाते आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक असा चांद्रमहिना येतो ज्यात सूर्याची संक्रांत पडतच नाही. तोच अधिक. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. गणित बाजूला ठेवलं तरी त्यातली कल्पना खेळाला फार उपयोगी आहे. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे लग्न-मुंज होत नाही, जावयाला मात्र बोलावून अनारसे देतात. म्हणजे तो मोजणीत असूनही व्यवहारात वेगळा महिना आहे. तुमच्या जगात दर तिसऱ्या वर्षी असा एक महिना घाला, ज्यात कुठलाही करार बंधनकारक नसतो आणि न्यायसभा बसत नाही. त्या तीस दिवसांत कोण कोण काय काय उरकून घेईल, ते खेळाडूच तुम्हाला सांगतील.

पायरी पाचवी: पाऊस

माझ्या मते साताऱ्या-सांगलीच्या माणसाने मांडलेल्या पंचांगाचा जीव पावसात असायला हवा. सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण तालुका आहे, तिथे पाचशेच्या आसपास. एका दिवसाच्या एसटी प्रवासात दोन जगं. पश्चिमेला कोसळला की पूर्वेला कोरड्या आभाळाखाली नदी फुगते. सांगलीकर माणूस पाऊस बघण्याआधी कोयनेतून विसर्ग किती चालू आहे ते विचारतो. हे खेळात आणण्यासाठी हवामानशास्त्र लागत नाही.

आमच्याकडे आगोट ते कणसं हे चार महिने पावसाचे, म्हणजे १२० दिवस. त्यांचे पंधरा दिवसांचे आठ तुकडे केले आणि त्यांना नक्षत्रं म्हटलं. आपल्या पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असतं आणि वाहनावरून गावात पावसाचा अंदाज बांधतात. बेडूक, म्हैस, हत्ती आले की बरा पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. मी त्याचा सहा बाजूंच्या फाशाचा तक्ता केला: १ कोल्हा, २ मेंढा, ३ उंदीर, ४ मोर, ५ म्हैस, ६ बेडूक. नक्षत्र लागलं की एकदा फासा टाकायचा. घाटाकडे आकड्यात २ मिळवायचे, माळावर १ वजा करायचा. पाचच्या वर गेलं की नदीचे उतार बंद. एकच्या खाली गेलं की विहिरी आटलेल्या. वर्षाला आठ फासे, आणि अख्ख्या खोऱ्याचं हवामान तयार.

फासा खेळाडूंच्या समोर टाका, तोही त्यांच्यातल्याच कुणालातरी टाकायला लावा. वाहन जाहीर झालं की ती गावभर पसरलेली बातमी समजायची. व्यापारी त्यावर भाव ठरवतात, पाटील बियाणं धरून ठेवतो.

रोज वेगळं हवामान काढायच्या फंदात पडू नका. मी पहिले दोन महिने ते केलं. कुणाच्याही लक्षात राहत नाही, आणि तुमचा प्रत्येक सेशनमागे अर्धा तास जातो.

पायरी सहावी: सण, जत्रा, वाटा

सणांची यादी मोठी करण्यात अर्थ नाही. प्रत्येक सणापुढे एकच वाक्य लिहा: या दिवशी काय बंद असतं, काय फुकट मिळतं, कोण कुठे जमतं. हे लिहिता येत नसेल तर तो सण कापा. वर्षाला पाच-सहा पुरतात.

त्यातला एक सण चालता असू द्या. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते, मध्ये चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचं हे ठरलेलं, म्हणून वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपली तारीख आधीपासून माहीत असते. कुठल्या रात्री लाखो माणसं आपल्या दारात असतील, हे ज्याला त्याला ठाऊक. खेळात असा एक दरवर्षीचा काफिला आखा: कुठून निघतो, कोणत्या तारखेला कुठे असतो. खेळाडू त्याच्यासोबत सुरक्षित जातील, त्यात लपतील, निरोप पाठवतील, कधी त्याच्या पुढे धावून गावाला सावध करतील.

अंतरं किलोमीटरमध्ये लिहूच नका, दिवसांत लिहा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत साध्या चालीने दिवसाला २४ मैल धरतात, म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास. घाटात त्याच्या निम्मे धरा. नकाशावर "पेठ ते गढी, सहा दिवस" एवढं लिहिलं की थेट अहर्गणात मिळवता येतं.

पायरी सातवी: शक

ही पायरी ऐच्छिक आहे, पण मला सगळ्यांत प्रिय. वर्ष २१२ म्हणजे कुठून २१२, हे जगातली सगळी माणसं एकसारखं सांगत नाहीत. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेकापासून नवा शक सुरू केला. शालिवाहन शक १५९६ तोच राज्याभिषेक शक १. पुढे छत्रपती शाहूंनी साताऱ्यात राजधानी केली, तेव्हाच्या राजपत्रांवर राज्याभिषेक शकच दिसतो. त्याच काळातल्या दफ्तरांत शुहूर सनही सर्रास चाले. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे, आणि तो बदलायचा मृग नक्षत्रावर, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पाडव्याला शालिवाहन शक पुढे सरकलेला असतो, मृगसाल अजून जुनंच असतं. वैशाखातल्या एका कागदावर दोन मोजण्या असतील तर त्यांतली एक आधीच बदललेली आणि एक बदलायची. मोडी कागद वाचणाऱ्यांना हा हिशेब रोजच करावा लागतो.

यातून खेळासाठी किती सुंदर कोडं निघतं बघा. तांबखोऱ्याचं वर्ष १ पालवीला बदलतं, माळावरच्या सरदारांचं १ आगोटला. शिवाय त्यांची मोजणी चाळीस वर्षं उशिरा सुरू झालेली. गढीतून आणलेल्या इनामपत्रावर माळाच्या सनाचं १७१ होतं. खेळाडूंनी चाळीस मिळवून २११ धरलं आणि दोन सेशन चुकीच्या वारसाच्या मागे गेले. कागद वणव्यात लिहिलेला होता, माळाचं वर्ष अजून बदललंच नव्हतं, खरं वर्ष २१२. हे ज्या क्षणी पुण्याच्या मित्राच्या ध्यानात आलं, त्या क्षणाचा आवाज मला अजून आठवतो. नवा शक मांडणं ही राज्य मांडल्याची खूण असते. म्हणून तुमच्या जगात जो कुणी गादीवर दावा सांगेल, त्याला स्वतःची वर्षमोजणी द्या.

पायरी आठवी: ऑनलाइन चालवताना

एका टेबलाभोवती बसलेल्यांना भिंतीवरचा कागद दिसतो. ऑनलाइन तो सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. डिस्कॉर्डवर "आजची तारीख" नावाचं वेगळं चॅनल करा, त्यात फक्त तुम्ही लिहायचं. प्रत्येक नव्या दिवसाला एक ओळ. जुन्या ओळी पुसायच्या नाहीत, तीच पुढे बखर होते. रोल२० या ऑनलाइन टेबलावर खेळत असाल तर तीच ओळ एका हँडआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंना दिसणाऱ्या कागदात, ठेवा. फाउंड्री ही तशीच दुसरी प्रणाली वापरत असाल तर तिचं जगाचं घड्याळ सेकंदांत चालतं आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले जातात. आपलं अहर्गण त्याच्याशी जुळवून ठेवलं की झालं. तयार कॅलेंडर बनवून देणारी साधनंही आहेत. ती वापरा, पण आधी एकदा शीटवर स्वतः मांडा, नाहीतर काही चुकलं तर कुठे चुकलं ते कळणार नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढाईची फेरी सहा सेकंदांची असते. ती पंचांगात आणू नका. दिवसाचे चार प्रहर पुरे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. आठ तासांची मोठी विश्रांती झाली की दिवस बदलला.

दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात खेळातले दिवस जातात का? काही गट बाहेरचा एक दिवस म्हणजे आतला एक दिवस असं कडक पाळतात. आम्ही करून बघितलं. लढाई अर्धवट ठेवून उठलो की पुढच्या गुरुवारी सात दिवस कुठे गेले याला उत्तर नसायचं. आता नियम असा, की टोळी गावात मुक्कामी असेल तरच मधला आठवडा मोजायचा, तोही त्यांचा सहा दिवसांचा. त्या सहा दिवसांत प्रत्येकाने एक काम सांगायचं. जखम भरणं, हत्यार दुरुस्त करणं, पत्र लिहिणं. हे संदेश आठवडाभर चॅनलवर येत राहतात आणि खेळ गुरुवारपुरता उरत नाही. कुणाची परीक्षा किंवा घरात लग्नकार्य असलं, तर त्याच्या पात्राला दूरच्या बाजाराला पाठवायचं आणि परतायची तारीख लिहून ठेवायची.

टोळी विखुरली तर प्रत्येक गटाचा अहर्गण वेगळा लिहा, आणि जो मागे आहे त्याला आधी खेळवा.

एक रकाना फक्त तुमच्यासाठी ठेवा. त्यात पुढे घडणार असलेल्या गोष्टी अहर्गणासकट लिहायच्या. ७७,३३१: सरदाराचा मुलगा पेठेत पोचतो. ७७,३४०: कर्जाची मुदत संपते. तो दिवस उजाडला की गोष्ट घडते, खेळाडू तिथे असोत की नसोत. मी पाच-सहाच नोंदी ठेवतो, आणि एक घडली की तिच्यामुळे पुढे काय होईल ते नव्याने लिहितो. त्या नोंदी कुणाला दाखवू नका, पण त्यांची चाहूल मात्र लागू द्या. कर्जाची मुदत असेल तर सावकाराचा माणूस आठवडाभर आधी येऊन जाऊ द्या.

पहिल्या सेशनच्या आधी खेळाडूंना पाच पानांची माहिती पाठवू नका. महिन्यांची आणि वारांची नावं एका ओळीत लिहा, चालू महिन्यातली एक जत्रा सांगा, आणि चॅनलवर पहिली नोंद टाका. आमची अशी होती:

१ पालवी २१२, पेठवार. संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर, पौर्णिमेला बारा दिवस. तांबीला गुडघाभर पाणी, उतार मोकळा. उद्या मीठवार, खालच्या पेठेत बैलगाड्या येतील. पाटलाच्या वाड्यावर चार अनोळखी माणसं उतरली आहेत.